उंबरठ्यावरचा दिवा

दिवाळीच्या चार दिवसांत एक गृहस्थ घरोघरी हमखास आढळतो. फराळाची बशी मांडीवर, चकलीचा तुकडा तोंडात, आणि लक्ष मात्र शेजारी पालथ्या ठेवलेल्या फोनकडे! हा गृहस्थ कंपनीचा मालक नसतो आणि नुकता चिकटलेला उमेदवारही नसतो. तो असतो मधला साहेब. बँकेत तो शाखाप्रमुख असतो, कारखान्यात सुपरवायझर, सरकारी कचेरीत कक्ष अधिकारी आणि संगणकाच्या कंपनीत मॅनेजर. आता तर या जागांवर स्त्रियाही मोठ्या संख्येने काम करतात. तेव्हा पुढे जिथे ‘तो’ म्हटले आहे तिथे वाचकांनी ‘ती’ही समजावी.

पदाचे नाव काहीही असो, गाऱ्हाणे एकच : “वरचे ऐकत नाहीत आणि खालचे जुमानत नाहीत!” मृदंगाला जशी दोन्ही तोंडांवर थाप बसते, तशी या माणसाला बसते. फरक इतकाच, की मृदंगातून बोल निघतात, आणि हा बिचारा कचेरीत तोंडातून शब्द काढत नाही. तो काढतो घरी आल्यावर, आणि ऐकावा लागतो बायकामुलांना! म्हणूनच हा विषय नुसता कचेरीचा नाही, घराचाही आहे.

आपल्या जुन्या पंडितांनी ‘देहलीदीपन्याय’ सांगितला आहे. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा एकाच वेळी ओसरीही उजळतो आणि माजघरही. मधल्या साहेबाची जागा नेमकी हीच. पण एक लक्षात ठेवले पाहिजे, की उंबरठ्यावर जसा दिवा असतो तसे दारही असते. दार लागले, की आतले बाहेर दिसत नाही आणि बाहेरचे आत दिसत नाही. या जागेवर बसणाऱ्याने दिवा व्हायचे की दार, एवढाच खरा प्रश्न आहे.

जुन्या शब्दांतले शहाणपण

मी पेशाने मराठीचा मास्तर. त्यामुळे कुठलाही प्रश्न पडला, की आधी शब्दांकडे धाव घेतो. मधल्या माणसासाठी आपल्या भाषेत शब्द पुष्कळ आहेत. ‘मुकादम’ हा मूळचा अरबी शब्द. त्याचा अर्थ ‘पुढे ठेवलेला’. वर बसवलेला नव्हे, पुढे ठेवलेला! ‘शिरस्तेदार’ फारसीतून आला. ‘सर’ म्हणजे डोके किंवा टोक, ‘रिश्ता’ म्हणजे धागा. धाग्याचे टोक ज्याच्या हाती, तो शिरस्तेदार. इंग्रजी अमदानीत कलेक्टर येत आणि जात. कागदांचा धागा शिरस्तेदार सांभाळून असे. आणि ‘हवालदार’ म्हणजे ज्याच्या हवाली काही केले आहे तो. पुढे राहणे, धागा न सोडणे आणि हवाली केलेल्याचा जाब देणे : तीन शब्दांत मधल्या माणसाचे सारे कर्तव्य आले की नाही?

कृष्णाजी अनंत सभासदाने १६९४ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची व्यवस्था दिली आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार, ५ हवालदारांवर एक जुमलेदार, १० जुमलेदारांवर एक हजारी. खालच्या पायरीवर २५ च माणसे का? मला वाटते, पंचवीस माणसांची नावे, त्यांची घोडी, कोण कशात तरबेज आणि कोणाच्या घरी काय अडचण, एवढे एका माणसाच्या ध्यानात राहू शकते. त्यापलीकडे माणसांची नावे जातात आणि नुसते आकडे उरतात.

गंमत अशी, की जवळजवळ हाच आकडा मुंबईच्या डबेवाल्यांतही सापडतो. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेला हा व्यवसाय. मावळ, खेड, जुन्नर या भागांतली माणसे तो चालवीत आली. करोनाच्या साथीपूर्वी मुंबईत सुमारे ५,००० डबेवाले होते; २०२० च्या टाळेबंदीनंतर ती संख्या बरीच घटली. हार्वर्डचे प्राध्यापक स्टीफन थॉमके यांनी त्यांचा अभ्यास करून २०१२ साली लेख लिहिला. त्यात त्यांनी या व्यवस्थेचे साधारण २५ माणसांचे एक असे सुमारे २०० गट सांगितले आहेत. गटातला मुकादम हा डोक्यावर डबे वाहूनच मुकादम झालेला असतो. तो डब्यांच्या वाटणीवर नजर ठेवतो, गिऱ्हाइकाशी झालेला तंटा मिटवतो, आणि एखादा गडी आला नाही तर त्याची ओळ कोणी धरायची ते तिथल्या तिथे ठरवतो. दुपारी जेवणाच्या वेळेआधी डबा पोचलाच पाहिजे. मधे कोणाला विचारायला सवडच नसते. तेव्हा मुकादमाचा अधिकार खुर्चीतून येत नाही. हे काम त्याच्या खांद्यांना ठाऊक आहे, यातून तो येतो.

वर न पोचलेला निरोप

हे झाले खालच्या बाजूचे. पण दिव्याचा उजेड वरच्या बाजूलाही पडावा लागतो. तो अडला तर काय होते, याचा एक दाखला साऱ्या जगाने पाहिला आहे.

२८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान उडणार होते. आदल्या रात्री फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली. यानाचे अग्निबाण बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या इंजिनिअरांना घोर लागला. अग्निबाणाच्या सांध्यांतली रबरी कडी थंडीने ताठरतात, आणि मग सांधा नीट बंद होत नाही. तापमान ५३ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर उड्डाण करू नये, असे रॉजर बॉइजोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी दूरध्वनीवरच्या बैठकीत सांगितले. ‘नासा’च्या बाजूचे अधिकारी नाराज झाले. तेव्हा कंपनीतल्या वरिष्ठांनी आपसांत वेगळी चर्चा केली. तिथे जेरी मेसन यांनी इंजिनिअरिंग विभागाचे प्रमुख बॉब लुंड यांना सांगितले, की आता इंजिनिअरची टोपी उतरवा आणि व्यवस्थापकाची टोपी घाला. लुंड यांनी टोपी बदलली आणि कंपनीचा सल्लाही बदलला!

दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान आकाशात फुटले. सात जण गेले. पुढे रॉजर्स आयोगाने चौकशी केली, तेव्हा असे आढळले, की उड्डाणाचा शेवटचा निर्णय घेणाऱ्यांच्या कानांवर इंजिनिअरांचा पहिला सल्ला गेलाच नव्हता. माहिती होती, जाणकार होते, त्यांनी वेळेवर सांगितलेही होते. निरोप अडला तो मधल्या पायरीवर. दिव्याच्या जागी दार होते, आणि ते लागलेले होते!

आपल्या कचेरीत कोणी अंतराळात जात नाही, हे खरे. पण बँकेतले थकलेले कर्ज, कारखान्यातले कुरकुरणारे यंत्र, इस्पितळातली अपुऱ्या माणसांची रात्रपाळी यांची बातमीही अशीच मधे अडते. कारण वाईट बातमी वर नेणारा माणूस कोणालाच आवडत नाही.

नुसता गोडवा पुरत नाही

“मी माझ्या माणसांची बाजू घेतो, त्यांना कधी दुखवत नाही,” असे कित्येक मधले साहेब अभिमानाने सांगतात. चांगलेच आहे. पण तेवढ्याने भागते का? डोनाल्ड पेल्झ या अमेरिकन अभ्यासकाने डेट्रॉइटच्या वीज कंपनीत केलेल्या पाहणीचे निष्कर्ष १९५२ साली मांडले. ज्या सुपरवायझरचे वरिष्ठांपाशी वजन होते, त्याने कामगारांची बाजू घेतली की कामगारांचे समाधान वाढत होते. ज्याचे वर काहीच चालत नव्हते, त्याने तितकीच बाजू घेतली तरी उपयोग होत नव्हता. कधी तर समाधान कमीच होत होते. कारण उघड आहे. शब्द देणारा गोड असला आणि शब्द पुरा झाला नाही, तर आशा लावून निराशा केल्यासारखे होते. म्हणजे हाताखालच्या माणसांचे भले करायचे, तर वर वजन हवे. आणि ते वजन हांजी हांजी करून येत नाही. बिनचूक आणि वेळेवर दिलेल्या बातमीतून येते.

“वरून आलंय!”

मग करायचे काय? पहिली गोष्ट : “वरून आलंय” हे दोन शब्द टाकून द्यावेत. समजा, हुकूम आला, की महिनाअखेर सगळी जुनी प्रकरणे निकालात काढा. एक साहेब तो कागद ‘कृपया कार्यवाही व्हावी’ असा शेरा मारून खाली ढकलतो. दुसरा माणसांना जवळ बसवतो. प्रकरणे किती, आधी कोणती, कोणाच्या टेबलावर किती, आणि ती होईपर्यंत नेहमीचे कोणते काम बाजूला ठेवायचे, हे तो ठरवतो. पहिल्याने हुकूम पोचवला. दुसऱ्याने त्याचे काम केले.

आपल्या एकत्र कुटुंबांतल्या थोरल्या सुनेला ही विद्या कोणी शिकवली नव्हती. सासूबाई म्हणत, “पाहुणे यायचे आहेत, लवकर आटपा ग!” थोरली तेच वाक्य जावांना ऐकवीत नसे. ती म्हणे, “तू नारळ खोव, तू पाने मांड, पुरणाचं मी बघते.” आणि धाकटीच्या अंगात कणकण आहे, ही गोष्ट ती सासूबाईंच्या कानांवर अशा बेताने घाली, की धाकटीला विश्रांती मिळे आणि सासूबाईंचा मानही राही.

दुसरी गोष्ट : वाईट बातमी ताजी असतानाच वर न्यावी, आणि विशेषणे गाळून न्यावी. काय झाले, पुढे काय होऊ शकेल, मला काय हवे. तीन वाक्ये पुरतात. मतभेद असेल तर निर्णयापूर्वी, तोंडावर बोलावे. निर्णय झाल्यावर मात्र “माझं ऐकलं नाही हो” असे खाली येऊन सांगू नये. त्याने वरच्याची किंमत कमी होते आणि आपली वाढत नाही. अर्थात माणसांच्या जिवाचा प्रश्न असेल, तर एकदा बोलून गप्प बसणे हा शहाणपणा नव्हे, हे चॅलेंजरने शिकवलेच आहे.

तिसरी : श्रेय नावानिशी आणि चारचौघांत द्यावे, कानउघाडणी एकांतात करावी.

चौथी सर्वांत अवघड. उत्तम कारकून बढती मिळून साहेब होतो आणि पुढे वर्षानुवर्षे कारकुनीच करीत राहतो. कारण दुसऱ्याचे काम त्याच्या मनास येत नाही. त्याने ‘हवाला’ हा शब्द आठवावा. काम हवाली करायचे, तर त्यासोबत थोडा अधिकार आणि थोडी चूक करण्याची मुभाही हवाली करावी लागते. नाही तर हाताखालचे कधी तयार होत नाहीत, आणि साहेबाचा फोन दिवाळीतही थांबत नाही.

सुटी संपून कचेरी उघडेल, तेव्हा एक साधा प्रयोग करून पाहावा. हाताखालच्या एकेकाला बोलावून विचारावे, “वर कळायला हवी आणि अजून कळलेली नाही, अशी कुठली गोष्ट आहे का?” उत्तर पहिल्या दिवशी मिळणार नाही. दार बरेच दिवस बंद असले, की करकर वाजतेच. पण आठ-पंधरा दिवस विचारीत राहावे आणि सांगणाऱ्याला त्याचा त्रास होऊ देऊ नये. मग कोणीतरी खुर्ची जवळ ओढून, आवाज जरा खाली आणून म्हणेल, “साहेब, एक सांगायचं होतं...”

तेव्हा हातातले काम बाजूला ठेवावे आणि ऐकावे.