भाकरी एक, वाटे चार

धाराशिवच्या भूम-वाशी-कळंब पट्ट्यात पाऊस रुसला की शेतमजुराला काम नाही. मग मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायकोचा ‘कोयता’ ऊसतोडीला निघतो. फडावर धाकट्याला सांभाळते थोरली बहीण. शाळा बुडते तिची.

अशा टंचाईत भाकरीच्या वाट्यावरून भावंडं का भांडतात? उत्क्रांती-अभ्यासक रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७४ मध्ये कारण मांडलं: सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मी जनुकं समान, स्वतःशी मात्र शंभर टक्के. म्हणून प्रत्येक पोर आईबाप देतील त्याहून थोडं जास्तच मागतं. पोरं अर्थात हिशेब करून भांडत नाहीत.

आपल्याकडे त्यात थोरल्या मुलाचा मान. अर्थशास्त्रज्ञ जयचंद्रन-पांडे यांच्या २०१७ च्या अभ्यासात, सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेच्या तुलनेत भारतात भावंडांत जन्मक्रमागणिक उंची अधिक वेगाने घसरलेली आढळली. धाकट्याची कुरकुर निव्वळ कांगावा नसते.