जुना संगणक सुरू होत नाही? डिस्क पुसू देण्यापूर्वी हे तपासा

विहिरीवरची मोटर बटण दाबूनही चालली नाही तर आपण लगेच ती वर काढत नाही. आधी तिन्ही फेज आहेत का ते पाहतो, मग फ्यूज, मग स्टार्टर. मोटर वर काढण्याचा खर्च ठाऊक असल्यामुळे ते काम आपण शेवटी ठेवतो. घरातील किंवा दूध संस्थेतील जुना संगणक बंद पडला म्हणजे मात्र हा क्रम आपण विसरतो. डबा उचलून थेट तालुक्याच्या दुकानात नेतो आणि "फॉरमॅट मारून देतो" असे तेथे कोणी म्हणाले की मान डोलावतो.

फॉरमॅट मारणे म्हणजे हार्ड डिस्कवरील सर्व मजकूर पुसून ती नव्याने तयार करणे. आमच्या पाहण्यातील एका दूध संस्थेत असेच झाले. बिघाड एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीज पुरविणाऱ्या पेटीत होता. ती पेटी बदलताना "जुना आहे, साफ करून देऊ" म्हणून डिस्कही पुसली गेली. वर्षभराचे दूध संकलन, सभासदांच्या उचली, पशुखाद्याची उधारी, सारे गेले. मग सचिवांना सभासदांकडील चिठ्ठ्या गोळा करून हिशेब पुन्हा मांडावा लागला आणि ज्यांच्या चिठ्ठ्या हरवल्या होत्या त्यांच्याशी वाद झाले ते वेगळेच.

म्हणून प्रथम एवढे ओळखावे की संगणक कोणत्या पायरीवर अडला आहे. बटण दाबल्यावर दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही, ही पहिली पायरी. पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, ही दुसरी. पडद्यावर अक्षरे येतात पण विंडोज उघडत नाही, ही तिसरी. पहिल्या दोन पायऱ्यांतील बिघाडांचा डिस्कवरील मजकुराशी बहुधा काही संबंध नसतो. तेथे डिस्क पुसण्याचे कारणच नाही. तिसऱ्या पायरीवरसुद्धा आधी नक्कल काढावी आणि मगच पुसण्याचा विचार करावा.

संगणक अगदीच मृत असेल तर त्याच प्लगात मोबाईलचा चार्जर किंवा टेबल-दिवा लावून पाहावा. एक्स्टेंशन बोर्डाची पट्टी सैल होणे हे नेहमीचे दुखणे आहे. डब्याच्या मागे एसएमपीएसला स्वतःचा छोटा स्विच असतो. झाडलोट करताना तो बंद झालेला असतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. काही जुन्या पेट्यांवर ११५ आणि २३० असा लाल सरक-स्विचही असतो. तो नेहमी २३० वरच हवा. मुलांनी खेळता खेळता ११५ वर सरकवला आणि तसाच प्लग लावला तर पेटी क्षणात जळते.

हे सर्व ठीक असल्यास प्लग काढावा, पुढचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि पुन्हा प्लग लावून पाहावे. वीज वारंवार ये-जा झाल्यावर अडकलेली पेटी कधी कधी एवढ्यानेही सुटते.

न सुटल्यास एसएमपीएसची परीक्षा घेता येते. प्लग काढून डबा उघडावा. मदरबोर्डला जाणारा रुंद, २४ (फार जुन्या यंत्रांत २०) वायरींचा जोड सोडवावा. त्यातील हिरवी वायर आणि शेजारची काळी वायर यांच्या भोकांत तारेचा एक तुकडा वाकवून बसवावा आणि त्यानंतरच प्लग लावावा. पेटीचा पंखा फिरला नाही तर दोष पेटीत आहे असे समजावे. फिरला तरी ती निर्दोष ठरत नाही. मल्टिमीटर असल्यास पिवळी आणि काळी वायर यांत ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल आणि काळी यांत ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. काही कंपन्यांच्या यंत्रांत जोडाची मांडणी निराळी असते. रंग जुळत नसतील तर हा प्रयोग करू नये. आणि पेटी स्वतः कधीही खोलू नये. प्लग काढल्यावरही तिच्यातील कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतकी वीज शिल्लक असते.

आता दुसरी पायरी. आमच्या मते गावाकडील निम्मे "बिघाड" येथेच असतात आणि त्याला मुख्य कारण आपली खोली. संगणकाची खोली म्हणजे बहुतेक घरांत खताची, बियाण्याची आणि औषधांचीही खोली असते. युरिया हवेतील ओल ओढतो. गंधकाची पावडर उघडी राहिली, तर त्याची वाफ आणि धूळ तांब्या-चांदीच्या बारीक जोडांवर काळा थर आणते. द्राक्ष बागायतदारांनी तर याकडे विशेष लक्ष द्यावे. शिवाय पाली, झुरळे आणि उंदीर यांना डब्यातली ऊब आवडते, ते निराळेच.

मॉनिटरची वीज आणि त्याची वायर घट्ट आहे ना ते पाहून झाल्यावर प्लग काढावा, डब्याच्या उघड्या लोखंडी भागाला हात लावावा (अंगातील स्थिर वीज उतरते) आणि मऊ ब्रश किंवा हाताच्या पंपाने धूळ काढावी. ओल्या फडक्याचा वापर करू नये. मग रॅमची पट्टी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून बाहेर काढावी. तिच्या सोनेरी दातांवरून शाळेतील साधा पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवावा, चुरा झटकावा आणि 'टक' असा आवाज येईपर्यंत पट्टी परत बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी. उपाय किरकोळ वाटतो, पण महिनाभर बंद असलेला संगणक यानेच सुरू झाल्याचे आम्ही अनेकदा पाहिले आहे. सुरू करताना डब्यातून सारख्या लांब शिट्ट्या येत असतील तर संशय रॅमवरच घ्यावा. शिट्ट्यांचा अर्थ मात्र प्रत्येक कंपनीच्या बोर्डात वेगवेगळा असतो.

याच वेळी मदरबोर्डवरील छोट्या नळकांड्यांसारखे कपॅसिटर नीट पाहावेत. त्यांची टोके सपाट असावीत. फुगलेली किंवा तपकिरी रस गळलेली दिसली तर बोर्ड दुरुस्तीला द्यावाच लागेल. २००० नंतरच्या काही वर्षांतील अनेक बोर्डांत सदोष कपॅसिटर बसविले गेले होते. तेव्हाचे यंत्र असल्यास ही तपासणी चुकवू नये.

संगणक सुरू होऊन काही सेकंदांत किंवा मिनिटांत आपोआप बंद होत असेल, तर प्रोसेसरवरील पंखा जाम झालेला असतो किंवा त्याखालचा लेप सुकलेला असतो.

तिसऱ्या पायरीवर आधी तारीख पाहावी. तारीख काही वर्षे मागे गेली असेल आणि दर वेळी एफ-१ दाबा असा संदेश येत असेल तर मदरबोर्डवरील सेल संपला आहे. हा सीआर-२०३२ जातीचा, ३ व्होल्टचा, २० मिलिमीटर व्यासाचा गोल सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. सेल संपला की बोर्डात साठविलेल्या काही सूचना पुसल्या जातात आणि त्यामुळे चांगली डिस्कही ओळखली जात नाही. संगणक चालू असतानाच त्या सूचनांच्या पडद्याचे मोबाईलवर छायाचित्र घेऊन ठेवले तर नवा सेल घातल्यावर तशाच भरता येतात. तसेच मागे एखादा पेन ड्राइव्ह राहून गेला नाही ना तेही पाहावे. काही यंत्रे त्यावरूनच सुरू होण्याचा प्रयत्न करीत अडून बसतात.

डिस्कमधून 'टक-टक' असा नियमित आवाज येत असल्यास संगणक ताबडतोब बंद करावा. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहणे म्हणजे उरलेला मजकूरही घालविणे होय. अशी डिस्क मजकूर काढून देणाऱ्या जाणकाराकडेच द्यावी.

आवाज नसेल तर डिस्क सोडवून अडॅप्टरच्या साह्याने दुसऱ्या संगणकाला जोडता येते. रुंद पट्टीवजा वायरीची डिस्क आणि अरुंद वायरीची डिस्क यांचे अडॅप्टर निराळे असतात. मोठ्या डिस्कला स्वतंत्र १२ व्होल्टचा पुरवठाही लागतो. नक्कल काढताना पुष्कळ जण फक्त 'डॉक्युमेंट्स' आणि 'डी' भाग घेतात. परंतु दूध संकलनाच्या आणि हिशेबाच्या अनेक कार्यक्रमांची माहिती 'सी' भागात, त्या कार्यक्रमाच्याच फोल्डरमध्ये असते. शक्य असल्यास संपूर्ण डिस्कचीच नक्कल घ्यावी. श्रीलिपी किंवा आयएसएममध्ये मराठी टंकलेखन केले असेल, तर ते फॉन्टही सोबत घ्यावेत. त्यांच्याविना नव्या संगणकावर मराठीऐवजी नुसती चिन्हे दिसतात. निर्यातीच्या द्राक्षबागेच्या फवारणीच्या नोंदी ज्यांनी अशा यंत्रावर ठेवल्या आहेत त्यांनी तर कागदावरही एक प्रत ठेवावी.

यंत्र सुरू झाले तरी त्यावर विंडोज एक्सपी किंवा ७ असेल तर बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत. या दोन्हींची सुरक्षा-दुरुस्ती अनुक्रमे २०१४ व २०२० मध्ये बंद झाली आहे. हिशेबापुरते यंत्र वापरायला हरकत नाही.

वळवाचे ढग जमू लागले की प्लग काढून ठेवावा, इंटरनेटची तांब्याची वायर असल्यास तीही काढावी. मोटरीला आपण जसे अर्थिंग करतो तसे या प्लगालाही हवे. दर आठवड्याला हिशेबाची नक्कल दोन पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि त्यांतील एक दुसऱ्या घरी ठेवावा.

आणि इतके करूनही दुकानात जावेच लागले तर डिस्क काढून घरी ठेवून फक्त डबा न्यावा. दुकानदाराला डिस्क हवीच असेल तर आधी नक्कल काढून घ्यावी आणि पावतीवर "विचारल्याशिवाय डिस्क पुसू नये" असे लिहून त्याखाली त्याची सही घ्यावी.