चौथ, पंचमी आणि पैठण

जैन घरांत ‘व्याख्यान’ हा शब्द सभागृहातून आलेला नाही. चातुर्मासात सकाळी साधू-साध्वींच्या मुखातून जे ऐकले जाते, ते व्याख्यानच. हिंगोली, वसमतच्या पेठांत हळदीचे भाव सांभाळणारा व्यापारीही दुकान उघडण्यापूर्वी ते ऐकून येतो. ऐकण्याची ही सवय पिढीजात भांडवलच म्हणावे लागेल. तिला कला आणि इतिहासाची जोड मात्र क्वचितच मिळते.

अशी जोड देण्याचा प्रयत्न पूर्वी झालेला आहे. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. पुढे १९३० च्या दशकात मुंबईत पर्युषण व्याख्यानमाला रुजली. तिच्यामागे प्रेरणा होती पंडित सुखलालजींची. किशोरवयात देवीच्या आजाराने दृष्टी गेलेल्या या पंडिताने समाजाला धर्मग्रंथांच्या पलीकडचेही ऐकायला लावले. महानगरांतला हा परिपाठ जिल्ह्याच्या गावी आणायचा, तर प्रारंभ कोठून करावा? त्यासाठी रोम किंवा अथेन्सची वाट धरण्याचे कारण नाही. विषय पर्युषणातच दडलेला आहे.

हिंगोलीसारख्या गावात मूर्तिपूजक श्वेतांबरांची संवत्सरी भाद्रपद शुद्ध चतुर्थीची, तर स्थानकवासींची पंचमीची. त्याच पंचमीला दिगंबरांचे दशलक्षण पर्व सुरू होते. एक दिवसाचा हा फरक का, असे एखादे मूल विचारते आणि ‘परंपरा’ एवढ्या उत्तरावर त्याची बोळवण होते. खरे उत्तर एका महानगरात नेऊन सोडते. कथा अशी की, आचार्य कालक प्रतिष्ठान नगरीत, म्हणजे आजच्या पैठणला होते. पंचमीला तेथे इंद्रमहोत्सव असे. सातवाहन राजाने विनविले, पर्युषण षष्ठीला करावे. आचार्यांनी नकार दिला. पंचमी ओलांडता येत नाही, पण एक दिवस अलीकडे येता येते. चतुर्थी ठरली ती अशी. हुंडी मुदतीआधी पटवली तर चालते, मुदत टळलेली चालत नाही, हे पेढीवर बसणाऱ्याला निराळे समजावून सांगावे लागत नाही.

हीच कालककथा पश्चिम भारतातील चित्रकलेचा एक मोठा विषय झाली. कल्पसूत्राच्या पोथ्यांना ती जोडून लिहिली जाई, आणि पानोपानी चित्रे असत. चेहरा एका बाजूने दाखविलेला, तरी पलीकडचा डोळा गालाबाहेर आलेला. लाल वा निळी पार्श्वभूमी, कोठे सोन्याचा मुलामा. या पोथ्या बहुधा श्रावकांच्या पैशातून लिहविल्या गेल्या. पडद्यावर अशी दहा पाने दाखवून बोलणारा जाणकार मिळाला, तर एक संध्याकाळ अपुरी पडेल.

आणि पैठण म्हणजे केवळ राजवाडा नव्हे, ती पेठ होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात म्हटले आहे की, भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. पैठणचे गोमेद खडे आणि तगरचे जाडेभरडे व तलम कापड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून बंदरावर जाई. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि इटलीतील पाँपेईत, इ. स. ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखाली सापडलेली मूर्ती यांचे साम्य अभ्यासकांना सुपरिचित आहे.

तेरच्या भूमीतून निघणाऱ्या या वस्तू जपल्या कोणी? रामलिंगप्पा लामतुरे या तेथील व्यापाऱ्याने. नांगराखाली निघालेली नाणी, मणी, भाजक्या मातीच्या मूर्ती त्यांनी वर्षानुवर्षे जमविल्या, आणि त्यांच्याच नावाने तेथे शासकीय पुराणवस्तुसंग्रहालय उभे आहे. तागडीपलीकडे पाहण्याची दृष्टी एका दुकानदाराला होती, म्हणून एका नगराचा पुरावा उरला.

हिंगोली जिल्ह्यातही सांगण्यासारखे पुष्कळ आहे. शिरड शहापूरच्या मल्लिनाथांची मूर्ती अर्धापूरहून आली, असे सांगतात. यात्रेला जाणाऱ्या किती जणांना ही वाट ठाऊक असेल? औंढ्याच्या मंदिराच्या भिंतीवरील जुनी शिल्पे आणि वरचे नंतरचे बांधकाम दर्शनाच्या रांगेतून सहज दिसते, पण त्याकडे बोट दाखविणारा कोणी नसतो. त्यातच जुन्या घरांची वाटणी झाली की मोडी लिपीतील चोपड्या आणि हुंड्या प्रथम रद्दीत जातात. हिंगोलीला निजामाच्या फौजेची छावणी होती. त्या काळी फौजेला धान्य कोण पुरवीत असे, कोणत्या पेठेची पत कोठवर चाले, हे कदाचित त्या चोपड्यांतच असेल. मोडी वाचणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

स्थानकाच्या किंवा मंदिराच्या सभागृहात प्रतिक्रमणानंतरचा तास मोकळाच असतो. पहिल्या संध्याकाळी पैठण, दुसऱ्या संध्याकाळी तेर, आणि तिसऱ्या संध्याकाळी वक्ता नको; प्रत्येक घराने आपली एक जुनी चोपडी आणावी आणि मोडी जाणणाऱ्या एखाद्या वृद्धाला मध्यभागी बसवावे.