मागावरचा सुपरमॅन

सुरतहून भुसावळकडे जाणारी गाडी उधन्याला मुंबईचा रूळ सोडते आणि बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, अमळनेर करत जळगावला पोचते. याच वाटेने जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसं उधना, लिंबायत, डिंडोली भागात आली, वसली आणि लूमच्या खात्यात, डाइंग मिलमध्ये, कापडबाजाराच्या हमालीत कामाला लागली. घरात अहिराणी, बाजारात गुजराती आणि शेजारच्या मागावरच्या ओडिया कारागिराशी हिंदी, असं दिवसातून तीनदा बोली बदलणं इथे कुणाला विशेष वाटत नाही. अशा वस्तीतल्या माणसाला सिनेमात कोणती भूमिका मिळते, हा प्रश्न मनात ठेवून कमी खर्चाच्या सिनेमाची गेली पंचवीस वर्षं तपासली, तर एक विसंगती दिसते. या काळात कष्टकरी माणूस नट म्हणून पडद्यावर जास्त दिसू लागला. मात्र त्याच्या वाट्याला येणारी भूमिका त्याच्या स्वतःच्या आयुष्याएवढीच उरली.

सुरुवात याच्या अगदी उलट झाली होती. उधन्यासारख्याच यंत्रमागांच्या खडखडाटावर जगणाऱ्या मालेगावात, व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 2000 साली ‘मालेगाव के शोले’ केला. खर्च सुमारे पन्नास हजार रुपये. कॅमेरा सरकवायला सायकल आणि बैलगाडी, आणि नट म्हणून गावातलीच कामधंद्याची माणसं. पुढे याच मंडळींनी सुपरमॅन केला, तेव्हा निळा पोशाख चढवला तो शफीक शेख या किडकिडीत माग कामगाराने. फैझा अहमद खान यांच्या 2008च्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात तो खटाटोप नोंदलेला आहे: हिरव्या पडद्यापुढे लोंबकळणारा, दम लागणारा नायक आणि त्याला उडवण्यासाठी घाम गाळणारे सवंगडी. यातली महत्त्वाची बाब अशी की विणकराने विणकराची भूमिका केली नाही. आपल्या जगण्याशी काडीचाही संबंध नसलेलं पात्र त्याने निवडलं, आणि त्याची पार्श्वभूमी आपोआप आत शिरली. मालेगावच्या हवेत सुपरमॅनलाही दमा होणारच.

यानंतर मराठीत जी लाट आली तिची प्रतिष्ठा मोठी आहे आणि ती रास्तही आहे. ‘टिंग्या’त (2008) जुन्नर तालुक्यातला शरद गोयेकर, ‘फँड्री’त करमाळा तालुक्यातला, हलगी वाजवणारा सोमनाथ अवघडे, दोघांनाही बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘कोर्ट’मध्ये (2014) लोकशाहीर नारायण कांबळे झाले ते नागपूरचे कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’चे संपादक वीरा साथीदार. ‘द डिसायपल’मधले (2020) गायक आदित्य मोडक आणि अरुण द्रविड हे मुळातच गायक. ‘स्थळ’मध्ये (2023) तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावकऱ्यांनीच गाव उभं केलं. नटांची पार्श्वभूमी इतकी विविध यापूर्वी क्वचितच दिसली असेल. पण या विविधतेचा नियम मालेगावच्या उलटा आहे: जो जिथला, त्याने तिथलंच व्हायचं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. हीच तर या सिनेमाची ताकद. साथीदारांच्या आवाजातली धार तालमीने येत नाही आणि हलगीवर पडणारा हात शाळेत शिकवता येत नाही. हे मान्यच आहे. हे चित्रपट दुसऱ्या कुणाला घेऊन असे झालेच नसते. अडचण अशी की ही वाट एकाच दिशेने जाते. ‘फँड्री’त नायक जब्याचा बाप किशोर कदम या मुरलेल्या नटाने उत्तम केला. ‘कोर्ट’मध्ये सरकारी वकील झाल्या त्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून आलेल्या गीतांजली कुलकर्णी, आणि बचावाचा वकील झाले निर्माते विवेक गोम्बर. शिकलेला नट कुणीही होऊ शकतो, हे आपण धरूनच चालतो. हौशी नटाकडून मात्र त्याचं स्वतःचं आयुष्यच मागतो. ‘सैराट’मध्ये पैलवानकीतून आलेल्या आकाश ठोसरने क्रिकेट खेळणारा, कविता करणारा परश्या केला, हा अपवाद खराच. पण तो अपवाद म्हणूनच लक्षात राहतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. मालेगावचे सिनेमे म्हणजे नकला; उसन्या कथेवर बेतलेल्या विडंबनाला अभिनय कसं म्हणायचं? पण नक्कल हीच नटाची पहिली इयत्ता. बहुरूप्याचं किंवा तमाशातल्या सोंगाड्याचं कसब आपण याच कारणासाठी वाखाणतो: आपण जे नाही ते होण्याची त्यांची हातोटी. खरी उणीव वेगळीकडे आहे. मालेगावच्या या चित्रपटांत गावातल्या बायका नव्हत्या. नायिका बाहेरून आणावी लागे. म्हणजे तिथली विविधता अर्ध्या गावाचीच होती. या एका बाबतीत ‘फँड्री’ आणि ‘स्थळ’ कितीतरी पुढे गेले, हे मोकळेपणी कबूल करायला हवं. शिवाय हौसेचा गौरव करताना पोटाचा हिशेब विसरता येत नाही. मागावर जेवढं कापड निघेल तेवढी मजुरी. शूटिंगसाठी खाडा केला तर ती बुडते. पाळी सांभाळून नट होणं हा नाइलाज होता, त्यात रम्य असं काही नव्हतं.

हा प्रवास कुठे येऊन ठेपला ते 2025 साली दिसलं. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ त्या वर्षी फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. आदर्श गौरव नासिर झाले, शशांक अरोरा शफीक. चित्रपट मनापासून केलेला आहे, पण वर्तुळ कसं फिरलं पाहा: जिथे माग कामगार सुपरमॅन होत होता, तिथे आता व्यावसायिक नट माग कामगार झाला. खुद्द शफीक 2011 साली तोंडाच्या कर्करोगाने गेला होता.

म्हणून उधन्याचा प्रश्न शिल्लक राहतो. मोबाइलवर चित्रित केलेली अहिराणी गाणी आणि विनोदी प्रसंग खान्देशाच्या सीमा ओलांडून लाखो लोकांपर्यंत पोचत आहेत. कॅमेऱ्याची अडचण आता पूर्वीइतकी उरलेली नाही. सुरत महापालिकेच्या शाळांत गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशी माध्यमं आहेत. एवढ्या बोली कानावर घेऊन वाढलेल्या मुलांना सोंग नव्याने शिकवावं लागणार नाही. उद्या उधन्यावर कुणी चांगला, कमी खर्चाचा चित्रपट करील आणि खात्यातल्या कारागिराला खात्यातच उभा करील, तेव्हा आपण त्याचं कौतुकच करू. पण त्याच कारागिराला कुणी न्यायाधीश, शायर किंवा आकाशातून उतरणारा नायक केलं, तर ‘हा शोभत नाही’ हे आपल्या ओठांवर येईल का? मालेगावने त्याचं उत्तर पन्नास हजारांत दिलं होतं. नंतरच्या, कितीतरी सरस सिनेमाने तो प्रश्नच विचारायचा सोडून दिला.