पऱ्हाटीपासून विमानाच्या टाकीपर्यंत

जैवइंधनावर उडणारं विमान म्हटलं की अनेकांना बायोडिझेल आठवतं. पण बायोडिझेलच्या रेणूत ऑक्सिजन असतो आणि थंडीत ते गोठू लागतं. जेट ए-१ इंधनाला तर उणे ४७ अंशांपर्यंत द्रवच राहावं लागतं. शाश्वत विमान इंधन, म्हणजे ‘सॅफ’, हे केरोसीनच्याच जातीचे हायड्रोकार्बन असतात. ते नेहमीच्या इंधनात ठरावीक प्रमाणात मिसळलं, तर इंजिन बदलावं लागत नाही. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या प्रवासी विमानात प्राज इंडस्ट्रीजने देशी कच्च्या मालापासून बनवलेलं सॅफ असंच मिसळलेलं होतं.

सॅफ जळताना कार्बन डायऑक्साइड निघत नाही, हाही गैरसमजच. किलोभर इंधनामागे तीन किलोंच्या वर तो निघतोच. मात्र त्यातला कार्बन पिकाने अलीकडेच हवेतून घेतलेला असतो.

सर्वांत चिवट समज वेगळाच आहे: शेतात इतका काडीकचरा पडतो, मग इंधन का होत नाही? एक तर सगळाच माल मोकळा नाही. साखर कारखान्यांत बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, बॉयलरमध्ये जातो, त्यावर सहवीजनिर्मिती चालते. कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या उरतात, पण खरी अडचण रिअ‍ॅक्टरमध्ये आहे. एका मार्गात त्या अपुऱ्या ऑक्सिजनमध्ये तापवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन मिळवतात, मग उत्प्रेरकावर त्यांच्या लांब साखळ्या जोडतात. ही फिशर-ट्रॉप्श प्रक्रिया १९२० च्या दशकात जर्मनीत शोधली गेली. तिच्यात प्रचंड उष्णता निघते. जाड नळीत भरलेल्या उत्प्रेरकातून ती वेळेवर बाहेर पडत नाही, मधला भाग तापतो आणि लांब साखळ्यांऐवजी मिथेन वाढतो. म्हणजे मेहनतीने केलेला वायू वाया!

सूक्ष्मवाहिनी रिअ‍ॅक्टर नेमकं हेच सुधारतो. त्यात उत्प्रेरक अगदी अरुंद वाहिन्यांत भरतात आणि शेजारच्या वाहिन्यांतून पाणी फिरवून उष्णता लगेच काढून घेतात. तापमान आटोक्यात राहिल्याने अधिक क्रियाशील उत्प्रेरक वापरता येतो, त्यामुळे यंत्र लहान होतं.

‘मोठा प्रकल्प तोच स्वस्त’ हा हिशेब म्हणूनच इथे सरळ लागू होत नाही. पऱ्हाटी हलकी, फुगीर. दूरवर वाहून नेली की ट्रकचं भाडंच अंगावर येतं. माल जिथे, तिथे छोटा प्रकल्प ही मला सर्वांत आशादायक वाट वाटते. पण लहान रिअ‍ॅक्टरमुळे वायुशुद्धीकरण टळत नाही: वायूसोबत येणारं डांबर वाहिन्या तुंबवतं आणि किंचितसं गंधकही कोबाल्टचा उत्प्रेरक निकामी करतं.