लिंबावरचा अनोळखी पाहुणा

उन्हाळ्याच्या तोंडावर वसमतच्या मोंढ्यात हळदीची आवक वाढते आणि आडत दुकानांतील दिवे उशिरापर्यंत जळू लागतात. त्याच दिवसांत घराघरांच्या परसात आणखी एक नेम सुरू होतो. गच्चीच्या कठड्यावर पाण्याचे परळ भरून ठेवले जाते, शेजारी पसाभर ज्वारी पसरली जाते. चिमण्या, साळुंक्या, होले, पारवे वेळ चुकवत नाहीत. मग एखाद्या सकाळी सारे परस एकाएकी मुके होते. दाण्यांभोवतीची पाखरे क्षणात पेरूच्या आणि जास्वंदीच्या दाटीत शिरतात. खारीची तेवढी तारस्वरातील किरकिर चालू राहते. लिंबाच्या आतल्या फांदीवर कोणीतरी येऊन बसलेले असते.

आजोबा म्हणतात, घार असेल. नातू म्हणतो, गरुड. शेजारच्या गच्चीवरून कोणी सांगते की हा ससाणा, हाकलून लावा. तिघांचेही बहुधा चुकलेले असते.

घार आकाराने बरीच मोठी, रंगाने गडद तपकिरी, आणि तिची शेपटी टोकाला दुभंगलेली असते. ती आकाशात संथ घिरट्या घालते, परसातल्या झाडाच्या पोटात शिरून बसत नाही. गरुड तर त्याहूनही थोराड. ससाण्याचे पंख लांब व टोकदार असतात आणि त्याला मोकळे आकाश लागते. लिंबाच्या पानांआड बसणारा, जेमतेम कबुतराएवढा, राखी पाठीचा हा पक्षी बहुतेक वेळा शिक्रा असतो. त्याचे पंख आखूड व गोलसर आणि शेपटी लांब असते. झाडाझुडपांतून वळणे घेत उडण्यासाठी ही ठेवण सोयीची. छातीवर तांबूस रंगाच्या बारीक आडव्या रेघा, शेपटीवर काळपट पट्टे आणि गळ्याच्या मधोमध एक अस्पष्ट उभी रेघ. पूर्ण वाढलेल्या नराचे डोळे लाल असतात. मादी नराहून मोठी. पिल्लू मात्र आईबापांसारखे दिसत नाही. त्याची पाठ तपकिरी असते आणि छातीवर आडव्या रेघांऐवजी उभे ठिपके ओघळलेले असतात. एकाच लिंबावर आज राखी आणि उद्या तपकिरी पक्षी पाहून ‘दोन जातींचे आले’ असे वाटते, ते यामुळेच.

तरीही घाईने निर्णय करू नये, कारण शिक्र्याचा वेष घेतलेला दुसराच एक पक्षी याच परसात येतो. तो म्हणजे पावशा. मृगाच्या आधी ‘पेरते व्हा’ म्हणून शेतकऱ्याला हाक देणारा, ज्याचा आवाज गावोगाव ओळखीचा आणि रूप मात्र फारसे कुणी न पाहिलेले. राखी पाठ, छातीवरील तांबूस आडवा रंग, पट्ट्यांची शेपटी, इतकेच काय, भराभर पंख मारून मग तरंगत जाण्याची उडण्याची रीतही शिक्र्यासारखी. हिवाळ्यात तो बहुधा मौन पाळतो आणि त्या दिवसांत त्याला शिक्रा समजून दगड मारले जातात. हा कोकिळेच्या कुळातला. मुख्यतः किडे, सुरवंट आणि फळे खाणारा. सातभाईच्या घरट्यात अंडी घालताना हे शिकारी रूप त्याच्या उपयोगी पडत असावे. ओळखायचे असेल तर चोच व पाय पाहावेत. शिक्र्याची चोच आखूड आणि आकड्यासारखी वळलेली, पाय लांब, पिवळे, तीक्ष्ण नख्यांचे. पावशाची चोच जवळजवळ सरळ, पाय आखूड व दुबळे.

शिवारात विजेच्या तारेवर बसणारी पांढरी-राखाडी, खांद्यावर काळा डाग असलेली कापशी ही तिसरी. एकाच जागी पंख फडफडवत ती हवेत थांबते आणि खाली उंदरावर झेप घेते. साठवलेल्या धान्याची चिंता वाहणाऱ्या व्यापाऱ्याने तिच्यावर रागावण्याचे काही कारण नाही.

ओळख पटली, तरी खरा प्रश्न तिथेच सुरू होतो. शिक्रा सरडे, पाली, उंदीर, टोळ यांच्यावर मोठ्या प्रमाणात जगतो, पण लहान पक्षीही पकडतो. आपणच घातलेल्या दाण्यांवरून आपल्याच डोळ्यांदेखत चिमणी उचलली गेली, तर पुण्य करता करता पाप जोडले गेले की काय, ही बोच श्रावकाच्या घरात लागणारच. ती हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. भगवान शांतिनाथांच्या पूर्वभवातील मेघरथ राजाची कथा मुलांना सांगताना आपण शरण आलेल्या कबुतरावर थांबतो. पाठलाग करत आलेला पक्षी राजाला आपल्या भुकेचे काय, असे विचारतो, तो भाग मात्र चटकन ओलांडला जातो. राजाने त्या पक्ष्याला दगड मारला नव्हता. त्याची भूक खरी मानूनच पुढचे सारे घडले.

हाच पेच दिल्लीत रोज उभा राहतो. चांदणी चौकातील दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे धर्मार्थ रुग्णालय आहे. तेथे कबुतरे, पोपट बरे होईपर्यंत ठेवून घेतले जातात. मांसाहारी पक्ष्यांवर मात्र बाह्यरुग्ण म्हणून उपचार होत आले, कारण त्यांना लागणारा आहार त्या वास्तूत आणता येत नाही. त्याच शहरात नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद या भावांनी जखमी घारींसाठी आपल्या घराच्या तळघरातच दवाखाना उभा केला. शौनक सेन यांच्या २०२२ सालच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ या माहितीपटामुळे त्यांचे काम जगभर पोहोचले.

वसमतच्या घराला तळघरातील दवाखाना उभारायचा नसतो. काही साध्या गोष्टी पुरतात. दाणे उघड्या कठड्याच्या मध्यभागी न घालता काटेरी किंवा दाट झुडपापासून दोन-तीन हातांवर घालावेत, म्हणजे पाखरांना लपायला अवसर मिळतो. शिक्रा घिरट्या घालू लागला तर चार-आठ दिवस दाणे बंद ठेवावेत, पाणी ठेवावे. तो दुसरीकडे निघून जातो. संक्रांतीच्या मांज्यात अडकून तो जखमी सापडला, तर जाड कापड टाकून अलगद उचलावा, भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवावा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. त्याला दूध-पोळी भरवू नये, चोचीत पाणी ओतू नये. वनविभागाची माणसे येईपर्यंतचे काही तास त्याला काही खायला घालावे लागत नाही, त्यामुळे घराच्या आचाराला बाध येण्याचा प्रश्नच उरत नाही. मात्र त्याला पाळणे, पकडणे किंवा त्याचे घरटे मोडणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे.

ते घरटे कावळ्याच्या घरट्यासारखेच काटक्यांचे, उंच लिंबात किंवा आंब्यात असते. ऐन उन्हाळ्यात त्यातून पांढऱ्या पिसांच्या पिल्लांची डोकी वर दिसू लागतात. मोंढ्यातली हळदीची गर्दी ओसरेपर्यंत ती फांद्यांवर येऊन बसलेली असतात, आणि एखाद्या ढगाळ पहाटे पलीकडच्या झाडातून पावशाची पहिली हाक ऐकू येते.