टेलिफोटो भिंग : लांबी की प्रकाश?

खांदेश्वरच्या रहिवाशाला पाखरांची छायाचित्रे काढण्याचा नाद लागला, म्हणजे त्याच्यापुढे दोन वाटा असतात. एक पनवेलपलीकडे मुंबई-गोवा महामार्गावरील कर्नाळ्याच्या अभयारण्याची. दुसरी लोकलने सीवूड्सला उतरून ठाणे खाडीच्या काठाची. टेलिफोटो भिंग घ्यावयाचे ते यांपैकी कोणत्या वाटेसाठी, हे ठरविल्याविना दुकानाची पायरी चढू नये, असे आमचे मत आहे. या दोन जागांची मागणी परस्परविरुद्ध आहे आणि भिंगाची किंमत तर वर्षभराची शिल्लक गिळून टाकणारी!

प्रथम थोडे गणित पाहू. भिंगाचे केंद्रांतर दुप्पट केले की दूरच्या वस्तूची प्रतिमाही दुप्पट होते. स्वर्गीय नर्तक हा पक्षी, नराची लांब शेपटी सोडल्यास, सुमारे २० सेंटिमीटरांचा. तो १० मीटरांवर बसला असता ४०० मिलिमीटरांच्या भिंगातून त्याची प्रतिमा ८ मिलिमीटरांची पडते; २० मीटरांवर गेला की ४ मिलिमीटरांची. ३६ मिलिमीटर रुंदीच्या चौकटीत ती कितीशी दिसणार? लहान चौकटीच्या कॅमेऱ्यात हेच भिंग ६०० चे काम करते असे विक्रेते सांगतात. वास्तविक तेथे प्रतिमा वाढत नाही, भोवतालची कड तेवढी कापली जाते.

कर्नाळ्याच्या दाट झाडीत पक्षी पुष्कळदा जवळच असतो; वानवा असते ती प्रकाशाची. केंद्रांतराला भिंगाच्या छिद्राच्या व्यासाने भागले म्हणजे एफ-अंक येतो. एफ २.८ चे भिंग एफ ५.६ च्या चौपट प्रकाश घेते. म्हणजे एकाला १/१२५ सेकंद लागत असेल, तर दुसऱ्याला १/५०० पुरतो. मात्र ४०० मिलिमीटरांच्या एफ २.८ भिंगाला सुमारे १४३ मिलिमीटर व्यासाची काच लागते, वजन तीन किलोच्या आसपास जाते, आणि किमतीविषयी न बोललेलेच बरे. यावर ३०० मिलिमीटर, एफ ४ ही मधली तोड आम्हांस पसंत आहे. हात स्थिर राखणारी यंत्रणा भिंगात असली तरी ती आपला कंप सावरते; पाखराची मान हलली तर तिचा उपाय चालत नाही.

खाडीवर सारे उलट. प्रकाश भरपूर आणि रोहित पक्षी चिखलात दूरवर. येथे १५० ते ६०० मिलिमीटरांचे झूम भिंग, एफ ६.३ चे का असेना, चांगले चालते. परंतु ऊन तापले की चिखलावरची हवा थरथरू लागते, आणि मग भिंग जितके लांब तितकी ती थरथर मोठी. म्हणून सकाळी जावे, आणि निघण्यापूर्वी भरतीचे वेळापत्रक पाहावे. पाणी चढू लागले की उथळ चिखल काठाकडेच उरतो, आणि चरणारे रोहित आपण होऊन जवळ येतात. काठावर निमूटपणे बसून राहणाऱ्याचे ४०० मिलिमीटरांचे भिंगही त्या वेळी पुरते.